अर्धी वाटी

केज, ९ जून २०२५

सायली,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची रीत आहे. माझे आशीर्वाद तुला किती लागू पडले ते आपण दोघींनीही बघितलं, म्हणून या खेपेला ते राहू दे.

माझा नंबर तू बंद करून टाकलास. पप्पांच्या फोनवरून लावला तर माझ्या नुसत्या खोकल्यावरून ओळखतेस आणि ठेवून देतेस. मग म्हटलं, कागदावर लिहावं. पाकीट आणायला गेले तर पोस्टातला माणूस माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला, "राखीला लई टाईम हाय की अजून, काकू." मी म्हटलं, "लेकीला लिवायचंय," तर खाली बघून सुटे पैसे मोजायला लागला. तू का गेलीस ते सगळ्या केजला माहीत आहे. म्हणजे माहीत आहे असं त्यांना वाटतं.

तुला जाऊन तीन महिने झाले. यशोधरानं गाडी आणली, तुला दोन्ही हातांनी धरून बसवलं आणि मी मशीनवरून उठलेसुद्धा नाही. हातात कुणाच्या तरी ब्लाउजची बाही होती, ती शिवत राहिले. नंतर बघितलं तर उलटी लागली होती. तुम्ही कॉलेजात होतात तेव्हा तिच्या घरचं पाणी पिऊ नकोस म्हणून मी तुला बजावलं होतं. आज तीच पुण्यात तुला आंघोळीचं पाणी काढून देते, तुझ्या पायांचे व्यायाम करून घेते. मला लाज वाटते. जास्त लिहीत नाही, तुला ते नाटक वाटेल.

इथलं सांगते. दुकानावर 'सायली लेडीज टेलर्स' ही पाटी तशीच आहे. दवाखान्यानं दिलेला तुझा जेवणाचा तक्ताही मशीनसमोर भिंतीवर तसाच आहे. तू तो फाडायला निघाली होतीस, मी आडवी आले होते. आता मीच त्याप्रमाणं जेवते. हसू नकोस. सकाळी कोमट पाणी, तेही घोट घोट. नऊ वाजता एक उकडलेलं अंडं नाहीतर तळहाताएवढं मुगाचं धिरडं. दुपारी अर्धी वाटी घट्ट वरण, त्यात पोळीचा मऊ भाग कुस्करून. जेवताना पाणी नाही, अर्धा तास आधी नाहीतर अर्धा तास नंतर. गोड बंद, तळलेलं बंद. घास तीस वेळा चावायचा. तुझा तो छोटा चमचा सापडला, बाळाला औषध पाजायचा असतो तसला, त्यानंच खाते.

तीस वेळा चावायचं म्हणजे काय असतं गं! बाराव्या-तेराव्यालाच घासाची चव जाते, पुढं नुसता चोथा तोंडात फिरत राहतो. भाकरी तर जमतच नाही, छातीत अडकून बसते. ऑपरेशन झाल्यापासून लग्नापर्यंत सहा महिने तू माझ्यासमोर बसून हेच करत होतीस आणि मी म्हणायचे, "आटप की लवकर, भांडी पडल्यात." माझं तर पोट कुणी कापलेलं नाही. तरी मला रडू येतं.

तानाजीमामा परवा येऊन गेला. पंचायत समिती सुटली, पण त्याचा रुबाब काही सुटला नाही. तुझ्या सासरच्यांवर त्यानं ठाण्यात अर्ज दिलाय, त्यावर माझी सही आहे, हे तुला ठाऊक आहेच. दिंद्रुडच्या लोकांनी सुनेच्या ताकदीच्या गोळ्या बंद केल्या, त्यानं तिच्या पायातलं बळ गेलं, असं त्यात लिहिलंय. आता फक्त तुझा जबाब राहिलाय. तो झाला की केसरबाई आणि राम, सासू-नवरा दोघांवर गुन्हा दाखल होणार. मामा म्हणतो, "पोरीला म्हणावं, गोळ्या सासूनं फेकल्या एवढं एक वाक्य बोल. फुडचं म्या बगतो."

तुझ्या तब्येतीला झेपेल तसं कर.

तुझी आई


केज, ३ जुलै २०२५

सायली,

पत्र पोचलं म्हणायचं. पप्पांच्या फोनवर यशोधराचा मेसेज आला. तो त्यांनी मला दोनदा वाचून दाखवला. लग्नानंतरचे चार महिने तुला धड आठवत नाहीत, डॉक्टर म्हणतात ते आठवणारही नाहीत. तुला एवढंच विचारायचंय की गोळ्यांचं नेमकं काय झालं. सासूनं फेकल्या, का तू नेल्याच नव्हत्यास? खोटा जबाब तुला द्यायचा नाही.

पप्पा म्हणाले, "काय कळवू?"

मी म्हटलं, मीच लिहिते.

तर सायली, तू लहानपणापासून विसराळू. चौथीत असताना डबा शाळेत विसरायचीस, सातवीत तर दप्तर एसटीत ठेवून आलीस आणि पप्पा कंडक्टर होते म्हणून ते परत मिळालं. लग्नाच्या घाईत काय राहिलं, काय गेलं, ते आता कुणी सांगावं? घरात पाहुणे, दारात मांडव, ब्लाउजांची शिवण दाबता दाबता माझी बोटं सुजलेली. आधीची मापं तुला दोन-दोन इंचांनी ढगळ झाली होती. तुझ्या सासूलाच विचारायला हवं. सासरच्या घरात सुनेचं काय काय होतं ते सासूलाच माहीत.

मी रोज सकाळी शाळेच्या मैदानावर चालायला जाते. अर्धा तास, तक्त्यात लिहिलंय तसं. कडुनिंबाखाली आले की पाय आपोआप हळू होतात. दवाखान्यातून तुला इकडं आणल्यावर तिथं तू पडली होतीस. तुझ्या पायांना जमीन लागत नव्हती, तू सांगत होतीस, "आई, कापसावर चालल्यावानी होतंय," आणि मी म्हणत होते की दवाखान्यानं चालायला सांगितलंय, चाललीस तरच पाय धरतील. पडलीस तेव्हा ओट्यावर पाच-सहा बायका बसल्या होत्या. मी तुला काय म्हणाले ते तुला आठवत असेल. ते तर लग्नानंतरच्या त्या चार महिन्यांतलं नाही.

"ऊठ, लोक बगतेत." असं म्हणाले मी.

त्यानंतर आठ दिवसांत तू गेलीस.

पाऊस बरा आहे. कापसाची लागवड उरकली म्हणतात सगळ्यांची.

तुझी आई


केज, २८ ऑगस्ट २०२५

सायली,

दोन महिने लिहिलं नाही. तुझ्याकडूनही काही आलं नाही. पप्पांना यशोधराचा फोन येतो आणि ते मागच्या दाराला जाऊन बोलतात. आल्यावर एवढंच सांगतात, "काठी घेऊन दहा पावलं चालली." मी विचारते, जेवते काय? तर म्हणतात, "तेवढं न्हाई इचारलं." बापाला ते विचारायचं सुचत नाही.

आज एक गोष्ट झाली म्हणून लिहिते. शेजारच्या चंद्रभागाबाईच्या नातवाचं बारसं होतं. पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, वर बुंदी. मी ताटातलं चिमूट चिमूट उचलत होते. चंद्रभागाबाई मोठ्यानं म्हणाली, "कावून गं कडूबाई, आमच्या घरचं ग्वाड लागंना व्हय तुला?" लगेच सगळ्या माझ्या ताटाकडं बघायला लागल्या. एकीनं पुरी टाकली, दुसरीनं बुंदीचा डाव रिकामा केला. "लेकीच्या काळजीनं वाळलीया बया" असं म्हणून तिसरीनं तर घासच तोंडात कोंबला. त्यांचं प्रेमच होतं ते. मी खाल्लं. नाही म्हणायची सोय कुठं होती? आणि मग न्हाणीमागं जाऊन सगळं ओकून आले. तोंड धुताना भिंतीला धरून उभी राहिले आणि तुझी केळवणं आठवली.

लग्नाआधी तीन आठवड्यांत अकरा केळवणं झाली तुझी. वजन उतरवायच्या ऑपरेशनला जेमतेम पाच महिने झाले होते. आपण ते कुणालाच सांगितलं नव्हतं. एकशे बारा किलो होतीस तोवर नऊ स्थळं चहा पिऊन उठून गेली होती. त्यात पोट कापलंय हे कळलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, पोरगी रोगी आहे का, हिला लेकरं होतील का. म्हणून दिंद्रुडच्या मंडळींना मी सांगितलं, पोरगी रोज पहाटे चालते, गरम पाणी पिते, त्यानं उतरलं वजन. केसरबाईंना केवढं कौतुक वाटलं होतं! "आमच्या रामला बी सांगा की, त्याचं बी प्वाट सुटलंय," म्हणाल्या होत्या.

मामाच्या घरच्या केळवणाला पुरणपोळी होती. वर तुपाची धार. पाच सवाष्णींनी पाच घास भरवायचे होते. दोन घासांनंतर तुझ्या कपाळावर घाम आला, ओठ पांढरे पडले, तू माझ्याकडं बघितलंस. मी पाटाखालून तुझा गुडघा दाबला. दाबला म्हणजे गप खा, असं सांगितलं. पाचही घास तू खाल्लेस. मग मागच्या अंगणात तू वाकलेली आणि दाराशी मी उभी, कुणी येऊ नये म्हणून. मामी आली तर तिला म्हटलं, "दगदग झालीया पोरीला." अकराच्या अकरा ठिकाणी मी असंच दार धरून उभी राहिले.

सासरी तर दार धरायलाही कुणी नव्हतं.

गेल्या वर्षी जुलैत केसरबाईंचा फोन आला तो मला अक्षर न् अक्षर पाठ आहे. "ताई, पोरीला दोन-चार दिस झालं उलट्या हायेत. पोटात अन्न ठरंना. मला वाटतंय, ग्वाड बातमी हाय." मला माहीत होतं, सायली. भाकरी, ठेचा, तेलकट कालवण, सगळं सासूसमोर भराभरा गिळत असशील आणि ते वर येत असेल, हे मला त्याच क्षणी कळलं. आणि मी म्हटलं, "तुमच्या तोंडात साखर पडो." संध्याकाळी दुकानात आलेल्या बायांना पेढे दिले. मनात कुठंतरी वाटत होतं, असेलही खरं. इतक्यांदा उलटी ऑपरेशनची असते, एखाद वेळा दिवसांची असेल.

त्या आषाढात तू माहेरी यायची होतीस. नवी सून पहिला आषाढ माहेरी काढते. पण केसरबाई म्हणाल्या, असल्या दिवसांत एसटीचे धक्के नकोत, मी इथंच जपते तिला. मी बरं म्हटलं.

आज मी एकदा ओकले तर दिवसभर हातात सुई धरता येईना.

तुझी आई


केज, १२ ऑक्टोबर २०२५

सायली,

दिवाळी तोंडावर आली आहे, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, आणि आज भर दुपारी दारात केसरबाई उभ्या. एकट्याच आल्या होत्या, दिंद्रुडहून जीप बदलत बदलत. रामला सांगितलं नव्हतं म्हणे.

माझा धंदा मापाचा. माणूस दिसलं की माझा डोळा आधी छातीवर न् दंडावर जातो. लग्नात मीच शिवलेला ब्लाउज त्यांनी घातला होता आणि तो खांद्यावरून घसरत होता. चार इंच तरी उतरल्या असतील. त्यांना कुठला तक्ता दिलाय कुणी?

मी बाकीच्या बायांना उद्या या म्हणून वाटेला लावलं. केसरबाई मशीनशेजारच्या स्टुलावर बसल्या. पाणी घेतलं नाही. म्हणाल्या, "म्या भांडाय न्हाई आले ताई. पोलिसाचं काय व्हायचं ते व्हईल. मला फकस्त एक सांगा. तिला काय खायाला चालत व्हतं?"

मी टेप गुंडाळायला घेतली.

"म्या दिसातनं चारदा वाढायची तिला. डिंकाचं लाडू, धपाटी, तूप-गूळ. ती न्हाई म्हणली की म्या म्हणायची, पोटातल्यासाठी खा. एक डाव तर रागं भरून घास कोंबला. ऑगस्टात दवाखान्यात नेलं तर पोटात कायबी न्हाई म्हणले. मला वाटलं, कुणाची तरी नदर लागली. म्हणून आनकी खाऊ घातलं. आनकी!" आणि त्या स्वतःच्या गालावर मारायला लागल्या. मी त्यांचा हात धरला. "सप्टेंबरात वसरीवर पडली. म्हणली, आत्याबाई, तुमी दोन दोन दिसताय. तवा बी म्या लिंबूच उतरून टाकलं. मला कुणी सांगितलंच न्हाई वो. एका सबदानं जरी सांगितलं असतं तरी म्या वरणाचं पाणी चमच्यानं पाजलं असतं तिला. म्या वैरीण न्हवते."

मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, "आन् त्या गोळ्या कसल्या? अर्जात लिवलंय, म्या फेकल्या. माज्या लेकराची शपथ, माज्या घरात म्या एक गोळी बघितली न्हाई. तिच्या पिशवीत व्हत्या का तरी?"

असं विचारताना त्यांनी आधारासाठी हात माझ्या मशीनच्या खणावर ठेवला होता. मी त्या हाताकडं बघत बसले. म्हटलं, "मला काय ठावं, बाई." खरंच असं म्हटलं मी.

जाताना त्यांनी एक स्टीलचा डबा दिला. मटकी मऊ शिजवून, बिनतिखटाची, हातानं घोटलेली. कुणाकडून तरी विचारून करून आणली होती. म्हणाल्या, "पुण्याला कुणी जात असंल तर द्या. न्हाईतर तुमी खा, तुमी बी लई उतरलाव." डबा दोन दिवसही टिकणार नव्हता, पुण्याला कसा पोचणार? मी तो खाल्ला. अर्धी अर्धी वाटी, तीन वेळा.

पप्पा आल्यावर म्हणाले, मामाचा फोन आला होता. २४ नोव्हेंबरला तुला जबाबासाठी केजला आणायचं ठरलंय. तू यशोधराबरोबर येणार म्हणे, ठाण्यात जाणार आणि तशीच परत जाणार. घरी येणार नाहीस. मला ते पप्पांकडून कळावं!

तुझी आई


केज, २० नोव्हेंबर २०२५

सायली,

हे पत्र यशोधरानं तुला वाचून दाखवू नये. डोळ्यांना त्रास होत असेल तर थांबून थांबून वाच, पण तूच वाच.

लग्नाच्या दिवशी, पाठवणीच्या आधी, तू आतल्या खोलीत केस विंचरून घेत होतीस. तुझी बॅग माझ्यासमोर होती. दिंद्रुडच्या बायका नवरीची बॅग पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर उघडतात, घडी न् घडी उलगडून बघतात, हे मला मामीनं सांगितलं होतं. म्हणून शेवटचा हात फिरवावा म्हटलं. तू साड्यांच्या मधे, निळ्या रुमालात गुंडाळून, गोळ्यांच्या दोन बाटल्या ठेवल्या होत्यास. नीट गाठ मारून. वर चिठ्ठी: सकाळी एक, रात्री एक.

मी त्या काढून घेतल्या.

मला वाटलं, बाटल्या बघतील, काय म्हणून विचारतील, नव्या नवरीला रोज गोळ्या कसल्या? कुणी म्हणेल रोगी आहे, कुणी म्हणेल लेकरू होऊ नये म्हणून घेते. आणि मला वाटलं, वजन उतरवायच्या गोळ्या, वजन तर उतरलंय. दवाखान्यानं सांगितलं होतं की या जन्मभर घ्यायच्या. मी शेजारीच बसले होते. मी ऐकलं होतं. पण दवाखानेवाले सगळ्यांना असंच सांगतात असं मी मनाशी म्हटलं. बाटल्या मशीनच्या खणात, हुकांच्या डब्यामागं ठेवल्या.

पाचव्या दिवशी मांडव परतायला आलीस. नणंद बरोबर होती. न्हाणीत तू मला हळूच म्हणालीस, "आई, बॅगेत गोळ्याच न्हाईत गं." मी म्हटलं, "तूच इसरलीस. टेबलावर राहिल्या व्हत्या." तू म्हणालीस, "म्या तर रुमालात बांधल्या व्हत्या." मी म्हटलं, "न्हाई गं बाई, तुझं ध्यान कुठं असतंय!" तू माझ्याकडं बघत राहिलीस आणि मग स्वतःच्याच कपाळाला हात लावलास. मी म्हटलं, आता नणंद आहे, आषाढात येशील तेव्हा ने. पुढं फोनवर तू दोनदा मागितल्यास. कुरिअरनं पाठवल्या तर सासू फोडेल म्हणून पाठवल्या नाहीत. आणि आषाढात तू आलीच नाहीस, ते का, हे मी लिहिलंच आहे.

गेल्या वर्षी सप्टेंबरात मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "गोळ्या का बंद केल्या? उलट्या आणि वर गोळ्या नाहीत, अंगातलं बी-वन संपलं, नसा गेल्या त्यानं." केसरबाईंना तर ऑपरेशनच त्या क्षणी कळत होतं. राम भिंतीला टेकून खाली बसला. डॉक्टर तुझ्यावर ओरडले, शिकलेली मुलगी असून असं कसं करतेस म्हणाले. आणि तू, धड डोळे उघडत नव्हते तरी, म्हणालीस, "मी विसरले." मी तुझ्या उशाशी उभी होते. माझा हात तुझ्या डोक्यावर होता. मी तो हलवलासुद्धा नाही.

पुढं मामानं अर्ज लिहिला तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर जातंय म्हणून. सही मी एका झटक्यात केली. खोटं कशाला बोलू?

केसरबाई येऊन गेल्यापासून माझ्या घशाखाली अर्धी वाटीही उतरत नव्हती. परवा सकाळी मी दिंद्रुडला गेले. त्या अंगणात मटकी निवडत होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. सूप तसंच धरून बसल्या. मग म्हणाल्या, "जा आता. राम यायच्या आत जा." मी निघाले.

काल ठाण्यात जाऊन लिहून दिलं. तिथल्या बाईंनी विचारलं, मग अर्जावर सही का केली? मी म्हटलं, भ्याले म्हणून. खोटा अर्ज दिला म्हणून माझ्यावर काय करायचं ते त्या ठरवतील. तानाजीमामानं "तू मला मेलीस" म्हणून फोन ठेवला. पप्पांना मी संध्याकाळी सांगितलं. ते उठले, चपला घातल्या आणि बाहेर गेले. कालपासून स्टँडावरच्या हॉटेलात जेवतात. माझ्या हातचं खात नाहीत. त्यांचं बरोबर आहे.

तुला आधी सांगायला हवं होतं. पण तुला आधी सांगितलं असतं तर तुझ्या उत्तराची वाट बघत बसले असते, आणि ठाण्यात गेलेच नसते. मला माझा स्वभाव माहीत आहे.

माझ्या आधीची दोन भावंडं जगली नाहीत म्हणून माझं नाव कडू ठेवलं, काळानं तोंड फिरवावं म्हणून. तुझी आजी असं सांगायची. मी तुझं नाव फुलाचं ठेवलं. फुलाला कुणी नको म्हणणार नाही, असं वाटलं होतं. आणि पहिल्यांदा नको कुणी म्हटलं, सांगू? ते चहा पिऊन उठून गेलेले नऊ जण नंतरचे. तू आठवीत होतीस, युनिफॉर्मचं माप घेताना टेप कमी पडली. मी ती तुझ्या अंगावरून ओढून घेतली आणि बोलले होते काहीतरी. ते इथं लिहीत नाही. तुला पाठ असेल.

चोवीस तारखेला ये. घरी येऊ नकोस. मी ठाण्याच्या आसपासही असणार नाही. जबाबात जे खरं आहे ते सांग, आईनं काढल्या म्हणून सांग. केसरबाईंचं आणि रामचं नाव त्यातून सोडव. नंतर काय करायचं, कुणाकडं जायचं, कुणाकडं नाही, ते तुझं तू ठरव.

एक बाटली ठाण्यात ठेवून घेतली. दुसरी या पार्सलात आहे, तुझ्याच निळ्या रुमालात. गाठ तू मारलेली होती ती मी सोडली नव्हती, ठाण्यात सोडावी लागली, म्हणून आता माझी आहे. आतल्या गोळ्या खाऊ नकोस, तारीख उलटून गेली. नुसतं झाकणावरचं सील बघ. अजून तसंच आहे. चिठ्ठीवर तुझं अक्षर आहे, ते बघ.

डॉक्टर म्हणतात, ते चार महिने तुला आठवणार नाहीत. नाही आठवले तरी चालेल. पण दवाखान्यात तू म्हणालीस ते खोटं होतं आणि ते मी तुला शिकवलं होतं.

गोळ्या तू विसरली नव्हतीस.

कडूबाई